देवळातली पायपेटी: दुरुस्त करायची की कीबोर्ड घ्यायचा?

शरणपूरची लेक
जय ख्रिस्त. नाशिकच्या आमच्या देवळात आजोबांच्या काळापासूनची पायपेटी आहे, म्हणजे पायांनी भाता चालवायचा ऑर्गन. भाता फाटलाय, सात-आठ सूर मुके झालेत. बैठकीत निम्मी मंडळी म्हणते दुरुस्त करा, निम्मी म्हणते विकून कीबोर्ड घ्या. मी दुरुस्तीच्या बाजूची.

रविवारी उपासनेनंतर मागची फळी काढली. भात्याचं रबरी कापड घडीवर भेगाळलंय, बोट लावलं की भुगा येतो. नमद्याला, म्हणजे आतल्या जाड लोकरी कापडाला, कसर लागलीये. पण एक मुका सूर, म्हणजे आवाज काढणारी पितळी पट्टी, आकडीने ओढून काढला, तर त्याच्या हलत्या जिभेखाली धुळीचा कण अडकला होता, बस्स. मऊ ब्रशने झाडला, परत खोचला, जोरात पाय मारले आणि वाजला! तोही सुरात. अशी वस्तू भंगारात काढायची?

देवळालीकर
ताई, मीही त्याच मंडळीतला. छप्पर गळतंय, आधी ते. आणि वाजवणार कोण? एकट्या काकू, त्याही सत्तरीच्या. पोरं कीबोर्ड वाजवतात, त्यांना पुढे येऊ द्या.
दुसरं, ही साहेबाची पेटी. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताला अभंगात, भजनात आणलं. आपला वारसा तो. त्याला तबला, झांजा, साधी हातपेटी पुरते.

भद्रकालीतला पेटीवाला
मी ख्रिस्ती नाही, पण हातपेट्या दुरुस्त करतो म्हणून लिहितो. आपली हातपेटी हवा बाहेर ढकलते. अशा बऱ्याचशा पायपेट्या हवा आत ओढतात. हे माहीत नसलेल्याच्या हाती देऊ नका. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर चांगले असतात, पण ते या खाचांत बसतीलच असं नाही. सूर घासायला तर कुणाला देऊच नका. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. भाता नवा करा, नमदा बदला, सूर फक्त झाडा.
मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारखा नळ्यांचा ऑर्गन असता तर मीही हात जोडले असते. त्यात हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो. पितळी जिभा त्या मानाने जागच्या हलत नाहीत.

शरणपूरची लेक
देवळालीकर दादा, छपराचं मान्य. पण साहेबाची कशी? बालगंधर्वांच्या नाटकांत साथीला ऑर्गनच होता, आणि ते गाणं आपण परकं म्हणत नाही. टिळकांचं भजन काकू याच पेटीवर वाजवतात, शेजारी तबला असतो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, इथलंच. त्यांचे शब्द म्हणताना म्हाताऱ्या बाया सूर लांबवतात, तेव्हा पेटीचा सूर त्यांच्या दमाबरोबर फुगतो आणि ओसरतो. स्पीकरमधून ते मला कधी ऐकू आलं नाही. नाताळच्या रात्री वीज गेली होती, तेव्हाही गाणं थांबलं नाही.

देवळालीकर
त्या रात्री मीही होतो. तरी माझं मत छपराकडेच. वर्गणी आधी पत्र्यांना. भात्याच्या कापडाचे पैसे वेगळे गोळा करणार असाल तर माझं नाव लिहा. पण काकूंनी दोन पोरं शिकवायला घेतली पाहिजेत, ही अट.

शरणपूरची लेक
काकूंना विचारलं. शनिवारी चार वाजता, दोन्ही पोरांना घेऊन या.