विमची सेटिंग फाइल: दुसऱ्याची उचलायची की स्वतः एकेक ओळ लिहायची?

राजारामपुरी_८वी_गल्ली

मी राजारामपुरीत पोरांना लिनक्स शिकवतो. पहिल्या आठवड्यात टर्मिनलमध्ये विम, म्हणजे मजकूर लिहायचं एडिटर, उघडायला लावतो. दुसऱ्या आठवड्यात बघावं तर निम्म्या पोरांच्या होम फोल्डरमध्ये कुणाची तरी तीनशे ओळींची विमआरसी, म्हणजे विमची सेटिंग फाइल, येऊन बसलेली असते. माझं म्हणणं सरळ आहे. ती फाइल बाजूला ठेवा, कोऱ्या फाइलपासून सुरुवात करा आणि जी ओळ तोंडानं समजावून सांगता येत नाही ती आत घेऊ नका.

गेल्या मंगळवारचीच गोष्ट. एका मुलीचा पायथनचा प्रोग्रॅम दोन तास चालेना. सारखा ‘टॅबएरर’, म्हणजे टॅब आणि स्पेस मिसळल्याची चूक. पडद्यावर तर सगळ्या ओळी एका सुतात. तिला न दिसणारी अक्षरं दाखवणारी ‘सेट लिस्ट’ कमांड द्यायला सांगितलं. सातव्या ओळीच्या सुरुवातीला टोपीचं चिन्ह आणि आय उमटलं, म्हणजे टॅब. वरच्या सहा ओळींत साध्या स्पेस. मग ‘व्हर्बोज सेट एक्सपँडटॅब’ पुढं प्रश्नचिन्ह टाकून विचारलं, तर विमनं फाइल आणि ओळ क्रमांकासकट सांगितलं की ‘नोएक्सपँडटॅब’, म्हणजे टॅबच्या जागी स्पेस न घालणं, तिच्याच विमआरसीतून लागलंय. ती फाइल मुळात गो भाषेत काम करणाऱ्या कुणाची तरी होती. गोमध्ये टॅबच वापरतात, म्हणून त्यानं सरसकट टॅब लावलेला. त्याच्या कामाला ते बरोबरच होतं, पण हिचे दोन तास गेले.

शिरोली_रात्रपाळी

सर, तुमचं अर्धंच पटलं. दुसऱ्याची नको हे ठीक, पण स्वतःची तरी कशाला? मी एमआयडीसीत अकरा मशिनींवर एसएसएचनं, म्हणजे दुरून लॉगइन करून, जातो. एकाही मशिनवर माझी फाइल नाही. काही ठिकाणी तर बिझीबॉक्स या आटोपशीर साधनसंचातलं छोटं व्ही-आय (विमच्या आधीचं एडिटर) तेवढं आहे.

लिहिणं थांबवून कमांडकडं जायला एस्केप दाबावं लागतं, मी कधीकाळी त्याच्या जागी ‘जेके’ लावून घेतलं होतं. हाताला सवय लागली. एका रात्री दीड वाजता परक्या मशिनवर पोर्टचा आकडा बदलला, सवयीनं जेके दाबलं. मग एस्केप दाबून फाइल सेव्ह केली, पण त्या आकड्यापुढं ती दोन अक्षरं तशीच राहिली. सर्व्हिस उठेना. चाळीस मिनिटं सगळं नेटवर्क तपासत बसलो.

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्ही-आय लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-३ए टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर बाण एच, जे, के, एल याच बटणांवर छापलेले होते. कर्सर हलवायच्या त्या कळा आजही कुठल्याही मशिनवर चालतात. तेवढ्या हातात बसवा. आणि ज्यांना ते नको त्यांनी नॅनो हे सोपं एडिटर वापरावं, कळा खालीच लिहिलेल्या असतात.

रंकाळा_टॉवर

मी दोघांच्याही विरुद्ध आहे. मला कामाला लागायचंय. निओविमचा (विमच्या नव्या अवताराचा) तयार सेटिंग-संच उचलला, पंधरा मिनिटांत चुका दाखवणं, नावं सुचवणं सगळं सुरू. निओविम ०.५ पासून, म्हणजे २०२१ पासून, लुआ या भाषेत सेटिंग लिहिता येतात, चुका आणि नावं सुचवणाऱ्या लँग्वेज सर्व्हरला जोडायची सोय आतच आहे. ते सगळं कोऱ्या फाइलपासून बांधत बसलो तर सेमिस्टर संपेल.

आणि सर, आपण कोल्हापूरचे. तालमीत पहिल्या दिवशी कुणी स्वतःचा डाव काढतो का? वस्तादाचाच डाव घोटायचा असतो.

राजारामपुरी_८वी_गल्ली

भावा, वस्ताद समोर उभा असतो. पाय चुकला की मांडीवर थाप मारून दाखवतो. इंटरनेटवरची फाइल तुझा पाय कुठं चुकला ते सांगत नाही. शिवाय तीनशे ओळींत काय काय येतं बघ. एका पोराच्या फाइलमध्ये मोडलाइन, म्हणजे उघडलेल्या फाइलमधल्याच ओळीतून सेटिंग घेणं, मुद्दाम चालू केलेली होती आणि त्याचं विम जुनं. २०१९ मध्ये उघड झालेली त्रुटी त्याच वाटेची: नुसती फाइल उघडली की तिच्यात दडवलेली कमांड चालायची. विमच्या ८.१.१३६५ मध्ये ती बुजवली. त्याला मोडलाइन म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

गंगावेश_पहाट

माझ्या मुलाचं सांगते. जुलैत पाऊस लागला की आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. त्याचा जुना डेस्कटॉप बंद पडला, सगळी संध्याकाळ लिहिलेलं गेलं. विम एरवी दोनशे अक्षरं झाली किंवा चार सेकंद हात थांबला की स्वॅप फाइल नावाच्या तात्पुरत्या प्रतीत लिहून ठेवतं. त्याच्या उचललेल्या फाइलमध्ये ‘नोस्वॅपफाइल’ होतं. फोल्डर स्वच्छ दिसावा म्हणून कुणीतरी घातलेलं. आम्ही गेलेलं परत आणायची ‘विम हायफन आर’ कमांड देऊन बघितलं, परत मिळवायला काही नव्हतंच.

शिरोली_रात्रपाळी

ताई, म्हणजे मूळ सेटिंग होती तशी ठेवली असती तर काम वाचलं असतं. मी तेच म्हणतोय.

राजारामपुरी_८वी_गल्ली

इथं तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण एक गोम आहे. विम ८.० पासून, म्हणजे २०१६ पासून, ज्याची विमआरसी नाही त्याला डिफॉल्ट्स डॉट विम ही विमसोबतची सेटिंग फाइल आपोआप मिळते: रंग, शोधता शोधता उडी मारणं, भाषेप्रमाणे इंडेंट. तुम्ही कोरी विमआरसी बनवली की ते लागत नाही. पोरं म्हणतात, सर, रंग गेले. म्हणून पहिली ओळ तीच फाइल सोर्स करायची, म्हणजे आत ओढून घ्यायची. त्याखाली ओळ क्रमांक, मग ‘अनडूफाइल’. ते ७.३ मध्ये, २०१० साली आलं. विम बंद करून दुसऱ्या दिवशी उघडलं तरी मागं जाता येतं. माझी स्वतःची फाइल आज अकरा ओळींची आहे. कळा बदललेली एकही नाही, त्यामुळं परक्या मशिनवर हात अडखळत नाही.

रंकाळा_टॉवर

अकरा ओळींत माझं काम होणार नाही. मी माझा संच ठेवतोय. मोडलाइन तेवढी बघून घेतो.

टिंबर_मार्केट_२

मंगळवारची ती मुलगी मीच. सरांनी सांगितल्याप्रमाणे पहिली ओळ डिफॉल्ट्सची टाकली, जुनी फाइल दुसऱ्या नावानं ठेवली. आता व्हर्बोज विचारलं की एक्सपँडटॅब विमसोबतच्याच पायथन डॉट विम फाइलमधून लागलंय असं दाखवतं. पण सर, मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) टॅबच लागतो ना? तिथं काय करायचं?

राजारामपुरी_८वी_गल्ली

काही नाही. मेकफाइल उघड आणि तिथंही व्हर्बोज विचार. कुठल्या फाइलनं काय लावलंय ते इथं लिही.