पाण्यात आवाज विरत नाही
'समुद्र एवढा अफाट, जहाजाचा आवाज त्यात विरून जातो' असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. लहानपणी पंचगंगेत पोहताना घाटाजवळ एकजण बुडी मारून दोन दगड एकमेकांवर आपटायचा, आणि पार लांब बुडी मारलेल्यालाही तो आवाज कानाशीच वाजल्यासारखा यायचा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त.

सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची ये-जा काही दिवस घटली. पाण्यातला गोंगाट सुमारे ६ डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अंशही कमी सापडले. म्हणजे एरवी ती मुकी जनावरं हा ताण रोजच सोसतात. जहाजांचा वेग कमी केला तरी पंख्याभोवती फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज बराच घटतो.