पार्किंगमधला काळा डाग

रविवार

सेक्रेटरी (ए-२०१), सकाळी ७:१२
(फोटो) सर्वांना नमस्कार. सी विंगच्या पार्किंगमध्ये हा काळा डाग कुणाच्या गाडीचा आहे? काल संध्याकाळी नव्हता. ब्लॉक बसवून महिना झाला नाही, कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल पण अजून द्यायचंय.

काकू (बी-१०३), ७:१५
दुधाला गेले तर चप्पल सर्र्कन सरकली ओ. थोडक्यात वाचले. या वयात पडले असते तर कोण बघणार

ए-३०४, ७:१६
(सूर्यफुलाचा फोटो) शुभ रविवार 🙏🌻

सेक्रेटरी, ७:१६
ए-३०४ कृपया विषयाला धरून.

सी-२०२, ७:४१
काका सॉरी, माझीच गाडी, बाबांची जुनी स्प्लेंडर. काल घरीच ऑइल बदललं. पण शप्पथ सांडलं नव्हतं, खाली पुठ्ठा, त्यावर जुना फ्लेक्स, वाढदिवसाच्या शुभेच्छावाला, त्यावर ट्रे, एवढं सगळं करून बसलो होतो, आणि काम झाल्यावर मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर ब्लॉक कोरे होते. रात्रीत काय झालं कळेना

सी-१०१, ७:४४
गॅरेजला द्यायला काय होतंय बे तुला. उगं मिस्त्री व्हायला गेलास

सी-२०२, ७:४६
दादा, मागच्या वेळी गॅरेजवाल्याच्या पोराने पान्याला पाईप लावून ऑइल काढायचा खालचा नट आवळला होता, तेव्हापासून तो नट बघितलं की पोटात गोळा येतोय. म्हणून म्हटलं आपणच करू

सेक्रेटरी, ७:५०
सोसायटीच्या आवारात गाड्यांची कामं करायची नाहीत असा ठराव पुढच्या मीटिंगला मांडतो.

अण्णा (ए-००४), ८:०५
थांबा की ओ साहेब, ठराव कशाला लगेच. पोरा, डागाचा जवळून फोटो टाक. आणि गाडी जिथं उभी होती तिथंच हाय का डाग ते सांग. गाडी हलवू नको

सी-२०२, ८:०९
(फोटो) बरोबर इंजिनच्या खाली, अण्णा

अण्णा, ८:२०
हां. ३२ वर्षं वर्कशॉपला काढली, डाग बघून सांगतो. ऑइल सांडलं असतं तर डाग लांबडा फाकलेला असता, आजूबाजूला शिंतोडे असते. हा गोल हाय आणि मधी चकाकतोय. म्हणजे थेंब थेंब रात्रभर एकाच जागी पडलाय. तू काढताना घाण केली नाहीस, नंतर गळलंय. नटाखालचं वायसर नवीन घातलास का जुनंच?

सी-२०२, ८:२२
वायसर?? नटाला चिकटलेलं पातळ काहीतरी होतं, ते तसंच ठेवलं

अण्णा, ८:३१
मग तेच. ते ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं असतं, मऊ. आवळलं की दबून बसतं आणि फट बुजते. एकदा दबलेलं दुसऱ्यांदा तितकं बसत नाही, त्यात तुझं तर पाईप लावून चेपलेलं. पाच-दहा रुपयाची वस्तू हाय, दर वेळी नवीन घालायची. आणि म्हणून त्याला अजून जोर लावू नकोस बरं का, खालचं चेंबर ॲल्युमिनियमचं आणि नट लोखंडी, जोर लावला की आटे चेंबरचे जातात, नटाचे नाही. मग ५ रुपयाचं काम हजारावर जातंय. आधी बोटानं आटे धरून पूर्ण फिरवायचा, टेकला की छोट्या पान्यानं बेतानं आवळायचा. लांब दांड्याचा पाना घ्यायचाच नाही

सी-१०१, ८:३३
अण्णा व्हॉईस नोट टाका की, वाचून डोळे गेले 😂

अण्णा, ८:३४
नातू झोपलाय

बी-३०२ ताई, ८:४०
पण अण्णा, घाण न करता करता येतं का खरंच? आमच्या ह्यांनी एकदा केलं होतं, हातावर गरम तेल आलं तसा नट सोडून दिला, तो ट्रेमध्ये बुडाला, मग त्या काळ्या तेलात हात घालून शोधत बसले. टॉवेल गेला माझा, चांगला इथलाच सोलापुरी.

अण्णा, ८:५८
तीच चूक सगळे करतात. नट सोडताना शेवटचे दोन-तीन आटे राहिले की तो वरच्या बाजूला दाबून धरायचा आणि फिरवत राहायचा, दाबलेला असेपर्यंत तेल येत नाही. आटे संपले असं हाताला कळलं की झटक्यात बाजूला ओढायचा. हातमोजा घालायचाच, वापरलेलं ऑइल कातडीला सारखं लागणं बरं नाही, कॅन्सरपर्यंत जातं ते. इंजिन दोन-चार मिनिटं चालवून कोमट करायचं, उकळतं नको. कोमट तेल पातळ होऊन घाण घेऊन उतरतं. थंड असलं तर चिकट धार येते, अर्धं आतच राहतं. आपल्याकडं मे महिन्यात तर गाडी उन्हात लावली तरी पुरे 😄 आणि वरची तेल मोजायची पट्टी, गेज ओ, ती आधी सैल करून ठेवायची म्हणजे हवा जाते, धार गचके न खाता येते. नाहीतर बाटली उलटी केल्यासारखं भक भक करून उडतं

सी-२०२, ९:०१
नट बुडू नये म्हणून मी ट्रेवर झारा ठेवला होता. नट बरोबर झाऱ्यात अडकला

काकू (बी-१०३), ९:०२
कुणाचा झारा?

सी-२०२, ९:०२
हा मेसेज हटवला गेला आहे

काकू (बी-१०३), ९:०३
वाचला मी. परवा भजी तळायला नेला होता म्हणून सांगितलं होतास ना रे

अण्णा, ९:१५
झारा आयडिया भारी हाय पण 😂 आणखी एक, शेवटी धार बारीक होती ना, तेव्हा वारा असला की ती सुतासारखी उडती आणि ट्रेच्या बाहेर जाती. कोपऱ्यात भिंतीच्या आडोशाला बसायचं. ट्रे विकत घेऊ नका कुणी, गोडेतेलाचा ५ लिटरचा कॅन आडवा धरून एक बाजू कापायची, झाकण घट्ट. नंतर त्याच झाकणाच्या तोंडातून जुन्या डब्यात ओतता येतं, एक थेंब बाहेर जात नाही

बी-३०२ ताई, ९:१८
आणि नवीन ओतताना? तिथंच जास्त सांडतं

अण्णा, ९:२६
पाण्याची बाटली मधून कापून वरचा भाग उलटा, झालं नरसाळं. डबा ओतताना तोंड वरच्या कडेला येईल असा आडवा धरायचा, म्हणजे हवा आत जाती आणि गचका बसत नाही. आणि डब्यात लिटर हाय म्हणून लिटर ओतायचं नाही. मॅन्युअलात दोन आकडे असतात, एक इंजिन पूर्ण खोलल्यावरचा, दुसरा नुसतं ऑइल बदलतानाचा. दुसरा कमी असतो, कारण थोडं तेल आत राहतंच. जास्त भरलं की हवेच्या फिल्टरमध्ये चढतं. गाडी डबल स्टँडवर सरळ, स्प्लेंडरला पट्टी नुसती टेकवून बघायची, फिरवून आवळून नाही

सी-१०१, ९:३०
अण्णा, कारचं ऑइल उरलंय माझ्याकडं, बाईकला चालेल का

अण्णा, ९:३२
नको बे. बाईकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या तेलात घसरण वाढवायचं औषध असतं, क्लच स्लिप मारतो. डब्यावर तेलाचा दर्जा छापलेला असतो, जासो एमए किंवा एमए२ बघून घे. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी

बी-३०२ ताई, ९:३५
मग मी माझ्या स्कूटीचं करू?

अण्णा, ९:३८
करा की. पण खाली एक मोठं झाकण दिसलं तर हात लावायच्या आधी मला बोलवा. काही स्कूटरला त्याच्या आत स्प्रिंग आणि जाळी असती, टुणकन् खाली येती सगळी. आणि गियरचं ऑइल वेगळं असतं, ते पण बघा

सेक्रेटरी, ९:४५
हे सगळं ठीक आहे. डागाचं काय? वॉचमनला पाइप लावून धुवायला सांगतो.

अण्णा, ९:४६
पाणी अजिबात नको साहेब!! तेल पाण्यावर तरंगतं, सगळ्या पार्किंगभर पसरेल आणि शेवटी गटारात. आणि पाणी तरी रोज कुठं येतंय आपल्याकडं. लाकडाचा भुसा नाहीतर कोरडी माती टाका, चपलेनं चांगली रगडा, दोन-तीन तास राहू द्या, झाडून घ्या. मग कपड्याच्या पावडरीचा घट्ट लगदा आणि ब्रश. ब्लॉक तेल पितात, एकदा करून नाही जाणार, दोन-तीन वेळा करावं लागेल. पोरगं करेल ते

सी-२०२, ९:४७
करतो 🙏

काकू (बी-१०३), ९:५५
आणि ते काढलेलं जुनं तेल कुठं आहे? आमच्या गावाकडं दाराला, खांबाला लावायचे, वाळवी लागत नाही म्हणून. सेंट्रिंगवाले पण नेतात की

अण्णा, १०:०४
लावायचे अक्का, मी पण लावलंय. पण ते पावसानं धुऊन मातीतच जातं. २०१६ च्या सरकारी कचरा-नियमात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यातच धरलंय. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्यायचं, त्यांच्या पिंपातलं नेणारे असतात, ते शुद्ध करून परत वापरात येतं. फक्त त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू नका, मग कोण घेत नाही

सेक्रेटरी, १०:१०
ठराव तूर्त बाजूला ठेवतो. पण काम झाल्यावर खालची जागा मला दाखवायची.

सी-२०२, दुपारी १:२०
अण्णा वायसर मिळालं. परत काढून बसवू? नवीन ऑइल वाया जाईल ना

अण्णा, १:२६
ट्रे स्वच्छ धुऊन वाळवून घे, त्यात काढ, गाळून परत भर. कालचंच तर हाय. गाळायला पातळ कापड घे, काकूंचं काही घेऊ नको

सी-२०२, संध्याकाळी ६:०२
झालं. डाग पण बराच फिका झालाय (फोटो)

अण्णा, ६:०८
आता चौकापर्यंत एक चक्कर मारून ये, थोडा वेळ थांबून पट्टी परत बघ. रात्री इंजिनखाली पांढरा कोरा कागद अंथर, वर चार दगड ठेव. सकाळी काय ते कळेल

सोमवार

सी-२०२, सकाळी ६:५०
(फोटो) एक थेंब नाही!! 💪

सेक्रेटरी, ६:५५
👍

काकू (बी-१०३), ७:०३
तो कालचा पेपर माझा आहे. शब्दकोडं अर्धं राहिलंय, वर आणून दे