'फोटो टाका' म्हणे! जखमींच्या याद्या आणि आपण

माटुंगा_स्लो: काल इथेच एकाने लिहिलं, 'मोठी दुर्घटना झाली की हॉस्पिटलने जखमींचे फोटो सरळ व्हॉट्सॲपवर सोडावेत, गोपनीयता वगैरे नाटकं आहेत.' तिथेच उत्तर देत होतो, पण लांबलं.

११ जुलै २००६. लोकल गाड्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट, माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत. मोबाइल लागेनात. जखमी भाभा, कूपर, सायन, केईएम, भगवती असे विखुरलेले. मामा फर्स्ट क्लासला. मामी आणि मी रात्रभर फिरलो. एका हॉस्पिटलातली यादी दोनदा वाचली, नाव नाही. पहाटे वॉर्डबॉयने विचारलं, "डबा होता का बरोबर?" मामा बेशुद्ध, पाकीट गायब, म्हणून स्टीलच्या डब्यावर घातलेलं नाव यादीत चढवलेलं. ते आजोबांचं! त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. चेहरा इतका सुजलेला, की मामीने ओळखलं पायाच्या बोटांवरून. फोटो काय कामाचा? यादीपाशी विचारणारा माणूस बसवा.

विरार_फास्ट: तुमच्या मामांचा डबा आजोबांचा, म्हणून आम्ही फोटो टाकायचे नाहीत? माझा भाऊ हायवेवर पडला, कुणीतरी गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, चाळीस मिनिटांत आम्ही कॅज्युअल्टीत. पोलिसांचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी!

डोंबिवलीची_काकू: आमच्या शेजारणीने मुलाचा रक्ताळलेला फोटो असाच पाहिला, पोळ्या लाटताना. ती जागीच कोसळली. मुलगा तेव्हा शुद्धीवर, चहा मागत होता.

अक्षरशत्रू: डब्यावर नाव मराठीत, मग यादी इंग्रजीत का? आमच्या बापूंनी अशाच एका यादीसमोर एका पोराला विचारलं, "बाळा, वाघमारे आहे का बघ." त्याने डब्ल्यूखाली बघून नाही म्हटलं. लिहिलं होतं व्हीने.

विरार_फास्ट: आला मराठीचा झेंडा! मीरा रोडच्या गुजरात्याने काय करायचं?

अक्षरशत्रू: त्याला देवनागरी येते. तुमच्या साहेबालाच येत नाही.

विरार_फास्ट: साहेब कोणाला म्हणता? नीट बोला.

निवृत्त_सिस्टर: भांडा. त्या रात्री मी ड्यूटीवर होते. माणसं चादरीत घालून आणत होते. आधी सलाईन लावू की स्पेलिंग बघू? २०१७ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले, केईएमने मृतांच्या कपाळावर नंबर घालून फोटोंचा फलक लावला. केवढी बोंब! पण नातेवाइकांनी एकेक चादर उचलत फिरायचं, ते बरं?

माटुंगा_स्लो: सिस्टर, फलकाला माझी हरकत नाही. तो शोधणाऱ्यांनीच बघितला तर ठीक. ग्रुपवर अख्खी आळी बघते.

विरार_फास्ट: बरं बाबा, खोलीत बोलावून दाखवा. पण चाळीस मिनिटांत, हं. उद्या दुपारी नको.

अक्षरशत्रू: आणि खोलीबाहेरची पाटी?

माटुंगा_स्लो: मराठीत, वाघमारे.

अक्षरशत्रू: व्हीने की डब्ल्यूने?