टांकसाळीचं स्मारक नाणं घ्यावं की सराफाकडचं ९९९?

डोंबिवलीकर७७
नमस्कार मंडळी. भाचीसाठी दर धनत्रयोदशीला एक चांदीचं नाणं घेऊन ठेवायचं असं आमचं ठरलंय, ती आत्ता पाच वर्षांची आहे, तिच्या शिक्षणाला नाहीतर लग्नाला उपयोगी पडेल हा हेतू. आत्तापर्यंत सराफाकडचं लक्ष्मीवालं घ्यायचो. पण ऑफिसातला एकजण म्हणतोय की त्यात काय ठेवलंय, मुंबई टांकसाळीचं स्मारक नाणं घे, सरकारी माल आहे, छान डबीत येतो आणि पुढे कलेक्टर लोक दुप्पट-तिप्पट देतात. साइटवर बघितलं तर प्रूफ आणि यूएनसी असे दोन प्रकार, वजन दोन्हीचं ३५ ग्रॅम, आणि किंमत काही चांदीच्या भावाशी जुळेना. काय करू?

चोख_हिशोब
दादा, किंमत जुळणारच नाही, कारण ३५ ग्रॅम हे नाण्याचं वजन आहे, चांदीचं नाही. आपली बरीचशी १०० रुपयेवाली स्मारक नाणी, आणि २०२३ चं नव्या संसदेचं ७५ रुपयांचं सुद्धा, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त अशी असतात. म्हणजे हातात आली १७.५ ग्रॅम चांदी. आजच्या भावाने गुणा आणि साइटवरच्या किमतीशी लावून बघा, मधला जो फरक आहे ते पैसे तुम्ही डबी, छाप आणि हौसेचे देताय. हौस असेल तर द्या की, पण त्याला बचत म्हणू नका. ग्रॅम साठवायचे तर ९९९, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदीचं, मोठ्या वजनाचं एकच घ्यायचं, पाच-पाच ग्रॅमची घेतली तर प्रत्येक तुकड्यावर घडणावळ भरत बसाल.

नाणेवेडी_पुणे
@चोख_हिशोब सरसकट तसं नाहीये हो. रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली तेव्हा २०२४ मध्ये ९० रुपयांचं नाणं काढलं ते ४० ग्रॅमचं आणि ९९.९ टक्के चांदीचं आहे. २०१० चं बृहदीश्वर मंदिराचं १००० रुपयांचं, ते ८० टक्के. प्रत्येक नाण्याचं गॅझेट निघतं, त्यात धातू, वजन, व्यास सगळं लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय बुकिंग करायचंच नाही.

आणि प्रूफ-यूएनसीबद्दल, धातू दोन्हीत तोच. प्रूफला पॉलिश केलेला साचा वापरतात म्हणून पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधी दिसतं, यूएनसी म्हणजे नेहमीच्या पद्धतीने पाडलेलं पण चलनात न फिरलेलं. मुंबईच्या साध्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याची खूण असते, हल्लीच्या प्रूफवर एम असतो. मी स्वतः यूएनसी घेते कारण प्रूफवर बोटाचा एक ठसा उमटला की संपलं, आणि घरात लहान मूल म्हणजे ठसा उमटणारच.

सराफाचा_पोरगा
दुकानाच्या आतली गोष्ट सांगतो. सरकारी स्मारक नाणं मोडीत घालायला आणलंत तर आम्ही हात जोडतो. कॉइनेज ॲक्ट २०११ प्रमाणे सरकारी नाणं वितळवणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. शिवाय ५० टक्क्यांचा माल गाळून चांदी काढणं आम्हाला परवडतही नाही. म्हणजे ते विकायचं तर गिऱ्हाईक नाणीवालाच शोधायला हवा, आणि तो डबी-सर्टिफिकेट नसलं तर भाव पाडतो. सराफाचं ९९९ नाणं हे कायद्याने नाणंच नाही, गोल तुकडा आहे, कुठेही मोडा. फक्त बिल जपून ठेवा आणि घेतानाच विचारा की परत घेताना किती कट लावणार. काही जण स्वतःचंच नाणं असलं तरी कट लावतात, आणि दुसऱ्या दुकानात तर टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय, कोणी घेत नाही. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही पण मिळत असेल तर तोच घ्या.

जर्सीसिटीकर
इकडे अमेरिकेत हा घोळ निराळाच आहे. सिल्व्हर ईगल हे इथलं सरकारी चांदीचं नाणं १९८६ पासून निघतं, बुलियन (निव्वळ चांदीसाठी घ्यायचं साधं नाणं) असो की प्रूफ, दोन्हीत एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम ९९९ चांदी. चांदी तेवढीच असल्यामुळे प्रूफचे जास्तीचे पैसे कशाचे ते स्वच्छ दिसतं. प्रूफ मिंट स्वतः लोकांना विकते, बुलियन डीलरकडून घ्यावं लागतं. आणि विकायला जा, साध्या वर्षाचं प्रूफ असेल तर डीलर बहुतेक वेळा चांदीच्या भावाच्या आसपासच बोलतो. १९९५ चं वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीचं प्रूफ आहे ना, जेमतेम तीस हजार निघाली, त्याला आज भलताच भाव आहे, पण ते तेव्हा सोन्याच्या ईगलांच्या सेटसोबतच मिळायचं. असलं एखादं उदाहरण दाखवून बाकीची विकली जातात.

नाणेवेडी_पुणे
@जर्सीसिटीकर हे मात्र शंभर टक्के खरं 😀

डोंबिवलीकर७७
धन्यवाद सगळ्यांना. सासूबाईंकडे राणीछाप रुपये आहेत थोडे, त्यातलेच भाचीला दिले तर? ते बुलियन की कलेक्शन?

नाणेवेडी_पुणे
दोन्ही! राणीचा, सातव्या एडवर्डचा आणि पाचव्या जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के, साधारण १०.७ ग्रॅम निव्वळ. सहाव्या जॉर्जचे १९४० ते ४५ चे वेगळे काढा, त्यात चांदी निम्मीच, गंमत म्हणजे वरच्या ५० टक्केवाल्या स्मारक नाण्यांचाच तो फॉर्म्युला, ५०-४०-५-५. पाचव्या जॉर्जचा १९११ चा असेल तर नीट ठेवा, त्यावरच्या हत्तीचं डुक्कर दिसतं म्हणून ओरड झाली होती आणि तो मागे घेतला होता. मात्र बाजारातून नवीन विकत घेऊ नका, नकली फार आहेत, घरचे आहेत तेच द्या.

सराफाचा_पोरगा
वजन करूनच द्या, झिजलेला रुपया ११.६६ भरत नाही.

चोख_हिशोब
मग सोपं झालं की, घरचे राणीछाप द्या आणि दरवर्षी ९९९ चं एक घेत जा. टांकसाळीचं एखादंच, तिच्या आवडीच्या विषयावरचं निघेल तेव्हा.

नाणेवेडी_पुणे
आणि सासूबाईंना सांगा, दिवाळीला ते रुपये चिंच लावून घासू नका. काळे पडलेत तसेच राहू देत, घासलेल्या नाण्याला कलेक्टर निम्मासुद्धा भाव देत नाही.

डोंबिवलीकर७७
घासून झालेत 😬 मागच्याच आठवड्यात.