घोडीने गाभ टाकला. हर्पिस विषाणूची पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) कुठे करू, नमुना काय पाठवू?

नीराकाठचा:
राम राम मंडळी. इंदापूरकडे घरच्या चार घोड्या आहेत. नऊ महिन्यांची गाभण घोडी काल पहाटे टाकली. आधी ना ताप, ना खोकला, रात्री वैरण नीट खाल्लेली. शिंगरू वारेसकट एकदमच पडलं. मागच्या महिन्यात सारंगखेड्याच्या बाजारातून नवी घोडी आणली, ती आठवडाभर शेंबडी होती. डॉक्टर म्हणतात हर्पिस असेल, टाकलेल्या घोडीच्या नाकाचा स्वॅब पाठवा. दुसरी आठ महिन्यांची गाभण आहे, जीव टांगणीला लागलाय. शिंगरू बर्फात ठेवलंय. काय करू?

पशुवैद्य_दौंड:
दादा, बर्फात ठेवलंत हे फार बरं केलंत. नाकाच्या स्वॅबवर एकट्यावर राहू नका. विषाणू शिरल्यापासून गाभ पडेपर्यंत दोन आठवडे ते काही महिने जातात. तोवर घोडीचं नाक साफ झालेलं असू शकतं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. खरा पुरावा शिंगरातच. फुप्फुस, यकृत, प्लीहा, थायमस आणि वारेचा तुकडा, प्रत्येक वेगळ्या डबीत, ताजा. तेच तुकडे थोडे फॉर्मॅलिनमध्येही ठेवा, पण ते सूक्ष्मदर्शकासाठी. पीसीआरला फॉर्मॅलिनमधलं देऊ नका. कापाकापी डॉक्टरांकडूनच, हातमोजे घालून. आणि साल्मोनेला अबॉर्टसइक्वाय या जिवाणूचं कल्चर (नमुन्यातून जिवाणू वाढवून बघणं) सांगायला विसरू नका. आपल्याकडे घोड्या त्यानेही टाकतात.

लॅबवाली:
वरच्याशी सहमत. जित्या घोड्यांचे नमुने जोडीने घ्या: नाकाचा स्वॅब आणि जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बाटलीत रक्त. विषाणू नाकात असतो तेव्हा रक्तात असेलच असं नाही, उलटही तसंच. स्वॅब पॉलिस्टरचा, नाकात आत खोलवर. लाकडी काडीचा कापूस नको, त्याने पीसीआर अडते. जिवाणूंसाठीच्या जेलमध्येही बुडवू नका. विषाणूचं माध्यम नसेल तर निर्जंतुक नळीत दोन थेंब सलाईन. रक्त गोठवायचं नाही, फक्त गार.

फॉर्मवर 'ईएचव्ही-१ आणि ४ वेगवेगळे' असं लिहा. ईएचव्ही म्हणजे घोड्यांचा हर्पिस विषाणू, आकडा त्याचा प्रकार. ४ बहुधा सर्दीपडशावर भागतो, गाभ पाडणारा मुख्यतः १. नुसतं 'हर्पिस पॉझिटिव्ह' आलं तर विचारा कुठला. २ आणि ५ धडधाकट घोड्यांतही सर्रास सापडतात. सीटी आकडाही (पीसीआरच्या कितव्या फेरीला विषाणू दिसला तो) मागून घ्या. तो जितका कमी तितका विषाणू जास्त. एका आकड्याचा फरक म्हणजे साधारण दुप्पट. २० आणि ३६ दोन्ही 'पॉझिटिव्ह' छापून येतात, पण मधे पासष्ट हजार पटींचं अंतर आहे!

नीराकाठचा:
ताई, पाठवायचं कुठे? मागे एका खासगी कुरिअरने माझे नमुने दोन दिवस गोदामात ठेवले होते.

पशुवैद्य_दौंड:
हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, घोड्यांच्या रोगांचं घर तेच. तुमच्या सरकारी पशुवैद्यांमार्फत पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाशी बोला, तिथून पुढची वाट सांगतील. आधी फोन करून मगच डबा सोडा, आणि शुक्रवारी नको.

रेसवाला:
आमच्या तबेल्यात विचारतात, 'मज्जातंतूवाला' प्रकार आहे का ते बघायचं का? तीच ७५२ ची टेस्ट.

लॅबवाली:
विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजमधल्या (डीएनएची नक्कल करणारं प्रथिन) ७५२व्या जागच्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे तो, डी की एन. डी मिळाला तर लकव्याचा धोका जास्त धरतात. पण २०२१ साली स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेत घोडे लोळले, मेले, ते एनवाल्याने. त्यामुळे एन आला म्हणून ढिलाई नको. आत्ता तुमचे पैसे १-४ च्या टेस्टवर जाऊ द्या.

पशुवैद्य_दौंड:
नीराकाठचे दादा, रिपोर्टची वाट बघत बसू नका. गाभण घोडी आजच वेगळी करा, तिचा माणूस, बादली, खरारा सगळं वेगळं. सगळ्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजा; ३८.५ सेल्सियसच्या वर गेला की त्याच दिवशी स्वॅब आणि रक्त. कमीत कमी २१ दिवस कुणी घोडा बाहेर नाही, वरातीलाही नाही.

नीराकाठचा:
वरातीच्या दोन कामांचे पैसे आगाऊ घेतलेले आहेत, परत करतो. त्या घोडीला मागे लस दिली होती, त्याने टेस्ट चुकीची पॉझिटिव्ह येईल का?

लॅबवाली:
मारलेल्या विषाणूची, स्नायूत टोचलेली लस असेल तर नाकाच्या-रक्ताच्या पीसीआरला अडचण नाही. घोळ होतो तो प्रतिपिंडांच्या तपासणीत. तरी लसीचं नाव नि तारीख फॉर्मवर लिहाच.