बियांची डेलिया लावाच

ताई, बियांपासून केलेली डेलिया मूळ झाडासारखी येत नाही, म्हणून बिया लावूच नयेत असं तुम्ही म्हणता. पहिलं खरं आहे. डेलियात गुणसूत्रांचे (रंग-रूप ठरवणाऱ्या धाग्यांचे) 8 संच असतात आणि बी तयार होताना ते नव्यानं मिसळतात, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळं निघतं. पण मला तेच आवडतं! मागच्या हिवाळ्यात एका पाकिटातून गर्द वांगी रंगाचं फूल निघालं, पाकळ्यांच्या टोकांना पांढरी कड. त्याचा कंद कोरड्या रेतीत जपून ठेवलाय, कारण कंदातून मात्र तेच फूल पुन्हा येतं.

आपल्या नागपुरात पाऊस सरला की, सप्टेंबरअखेरीस पेरा. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, तेव्हा रेती आणि शेणखत सढळ हातानं घाला. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. जिवावर येतं, तरी खुडाच. पुढे मधल्या कळीशेजारच्या दोन कळ्या मटारएवढ्या असतानाच काढल्या की दांडा लांब मिळतो.

फूल सकाळी गारव्यात, जवळजवळ पूर्ण उमलल्यावर कापा. घट्ट कळी फुलदाणीत उमलत नाही. मागच्या पाकळ्या मऊ पडल्या असतील तर ते फूल झाडावरच राहू द्या.